शाळेच्या पटावरील नोंदी आणि आमचा हक्क

महाराष्ट्रातील शाळेत आज जे मूल नाव घालते त्याची नोंद हेडमास्तरांच्या दाखलखारीज रजिस्टरापुरती राहिलेली नाही. २०१५ साली राज्य सरकारने ‘सरल’ ही संगणकीय नोंदवही सुरू केली. तेव्हापासून मुलाचे नाव, आईचे नाव, जन्मतारीख, जात, धर्म, इयत्ता, तुकडी आणि आधार क्रमांक ही सर्व माहिती गावच्या शाळेतून निघून राज्याच्या कचेरीत जाऊन पोहोचते. केंद्र सरकारची ‘यू-डायस प्लस’ ही नोंदपद्धती पूर्वी शाळावार बेरजा घेत असे. २०२२-२३ पासून तीही एकेका विद्यार्थ्याची माहिती घेऊ लागली. त्यावर २०२३ पासून ‘अपार’ नावाचा, शिक्षण संपेपर्यंत आणि त्यापुढेही सोबत राहणारा क्रमांक आला. थोडक्यात, सरकारने आमच्या मुलांविषयी जे जे विचारले ते ते आम्ही सांगितले. गुरुजींनी फॉर्म पुढे केला आणि आईबापांनी अंगठा किंवा सही केली.

आता उलट प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे. ही एवढी माहिती घेऊन सरकारने आम्हांस काय सांगितले? पहिलीत बसलेल्या आमच्या मुलांपैकी दहावीस किती पोहोचली, जी पोहोचली नाहीत ती कोणत्या इयत्तेत, कोणत्या तालुक्यात, कोणत्या महिन्यात गळाली, हे या नोंदींतून आज समजू शकते. ते आम्हांस कोणी समजावून देत नाही. आमचे स्पष्ट मत असे आहे की, मुलांकडून ज्या बारकाईने ही माहिती घेतली जाते त्याच बारकाईने ती, नावगाव वेगळे काढून आणि कायद्याच्या चौकटीत, प्रामाणिक संशोधनासाठी खुली झाली पाहिजे. ही मागणी दयेची नाही, हक्काची आहे. आणि हा हक्क गाजवताना मुलांच्या अब्रूला धक्का लागता कामा नये हीही आमचीच अट आहे.

आकड्यांचे महत्त्व आमच्या समाजास नव्याने शिकविण्याची गरज नाही. १२ मार्च १९२७ रोजी मुंबई कायदेमंडळात शिक्षणाच्या अनुदानावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी सरकारच्याच अहवालांतील आकडे सरकारपुढे ठेवले. प्राथमिक शाळेत शिरणाऱ्या शंभर मुलांपैकी चौथ्या इयत्तेपर्यंत अवघी अठरा पोहोचतात आणि उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात, हे त्यांनी सभागृहास दाखवून दिले. दर हजार लोकवस्तीमागे प्राथमिक शाळेत प्रगत हिंदूंची ११९ मुले, मुसलमानांची ९२, मध्यम वर्गाची ३८ आणि मागासवर्गाची फक्त १८, अशी उतरंडही त्यांनी मांडली. पुढल्याच वर्षी, १९२८ साली, बहिष्कृत हितकारिणी सभेच्या वतीने सायमन कमिशनला सादर केलेले निवेदन तर अस्पृश्यांच्या शिक्षणस्थितीवरच होते. ज्यांच्या हाती सत्ता नव्हती त्यांनी सत्ताधाऱ्यांच्या दप्तरातील आकडा उचलून त्याचा पुरावा केला. वकिलाची दृष्टी म्हणतात ती हीच.

परंतु एक गोष्ट लक्षात घ्यावी. त्या शंभरांतील ब्याऐंशी मुले कोणती, कोणत्या जातीची, कोणत्या गावची, कोणत्या कारणाने गेली, हे अशा बेरजांतून कळण्यास मार्ग नसतो. बेरीज आणि वाटचाल या दोन निराळ्या वस्तू आहेत. समजा, एका शाळेत गेल्या वर्षी पाचवीत चाळीस मुले होती आणि यंदा सहावीत चाळीसच आहेत. कागदावर गळती शून्य. प्रत्यक्षात ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांची सहा मुले गेली असतील आणि शेजारच्या वाडीवरून सहा नवी आली असतील. बेरजेला त्या सहा मुलांचा पत्ता नाही. तो पत्ता लागतो तो एकेका मुलाची नोंद वर्षामागून वर्ष जोडत गेल्यावर. ती जोडण्याची साधने आज प्रथमच सरकारच्या हाती आहेत, म्हणून हा विषय आम्ही आज हाती घेतला आहे.

या नोंदी सरकारने कशासाठी सुरू केल्या तेही विसरता येत नाही. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर तीन दिवस पटपडताळणी झाली आणि पटावर असलेली पण वर्गात नसलेली मुले लाखोंच्या संख्येने सापडली. खोट्या पटावर शिक्षकांची पदे, खिचडीचे तांदूळ आणि अनुदाने उचलली जात होती. गरिबांच्या नावावर चाललेली ती लूट उघड झाली हे उत्तमच झाले. पण या नोंदपद्धतीच्या जन्मातच पहारेकऱ्याची वृत्ती आहे, आणि ती अद्याप गेलेली नाही. संचमान्यतेसाठी आज ज्या मुलाचा आधार क्रमांक ‘वैध’ ठरतो तेच मूल मोजले जाते. नावातील एखादे अक्षर चुकले, बोटांचे ठसे जुळले नाहीत, की वर्गात रोज बसणारे मूल कागदावरून नाहीसे होते आणि त्याच्याबरोबर कदाचित एका शिक्षकाचे पदही. असे मूल कोणाचे असते? ज्याच्या जन्माची नोंद वेळेवर झाली नाही, ज्याचे बिऱ्हाड दर दिवाळीनंतर उठते, त्याचे.

देशाच्या पातळीवरचे उदाहरण आणखी मोठे आहे. यू-डायस प्लसच्या अहवालांप्रमाणे २०२१-२२ मध्ये देशातील शाळांत सुमारे २६ कोटी ५२ लाख विद्यार्थी होते. २०२३-२४ मध्ये हा आकडा सुमारे २४ कोटी ८० लाखांवर आला. म्हणजे सुमारे पावणेदोन कोटी मुलांची तफावत. मोजण्याची पद्धत बदलली, दुबार नावे गेली, म्हणून हे आकडे पूर्वीच्या आकड्यांशी सरळ ताडून पाहता येणार नाहीत, असे शिक्षण मंत्रालयाचे म्हणणे आहे. ते म्हणणे खोटे आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु या पावणेदोन कोटींत खोटी नावे किती आणि शाळा सुटलेली खरी मुले किती, हे ज्या दप्तरातून कळेल ते दप्तर ज्यांनी हा खुलासा केला त्यांच्याच कुलपात आहे. न्यायालयात अशा खुलाशावर आम्ही उलटतपासणीची मागणी केली असती.

जेथे अशा नोंदी काही काळापासून ठेवल्या गेल्या आणि संशोधकांपुढे मांडल्या गेल्या तेथे काय निष्पन्न झाले, हे पाहण्यासाठी अमेरिकेकडे वळावे लागते. त्या देशात शिक्षण हा घटकराज्यांचा विषय आहे. २००२ च्या एका केंद्रीय कायद्यान्वये, विद्यार्थ्याची नोंद वर्षानुवर्षे जोडत नेणारी राज्यव्यापी व्यवस्था उभारण्यासाठी राज्यांना अनुदाने देण्याचे ठरले आणि २००५ पासून ती मिळू लागली. उत्तर कॅरोलायना राज्याने तर त्याआधीच, २००० साली, ड्यूक विद्यापीठात एक केंद्र स्थापून आपल्या शाळांच्या नोंदी नावे काढून तेथे ठेवल्या. टेक्सासच्या विधिमंडळाने २००६ साली कायदा करून विद्यापीठांतून अशी संशोधन केंद्रे उघडण्यास मान्यता दिली. संशोधकाने आपला प्रश्न आधी लिहून द्यावयाचा, मंडळाने तो तपासावयाचा, आणि मंजुरी मिळाल्यावर केंद्राच्या देखरेखीखाली निनावी नोंदींवर काम करावयाचे, अशी ही रीत आहे.

टेक्सासमधील अशाच नोंदींच्या आधारे २०११ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. तो आमच्या प्रत्येक शिक्षकाने, आणि शिक्षकांपेक्षाही प्रत्येक वकिलाने वाचावा असा आहे. २०००, २००१ आणि २००२ या वर्षी सातवीत असलेली टेक्सासच्या सरकारी शाळांतील सर्व मुले, म्हणजे सव्वानऊ लाखांहून अधिक मुले, अभ्यासकांनी किमान सहा वर्षे कागदोपत्री पाठलाग करून पाहिली. नमुन्यादाखल निवडलेली नव्हे, सर्व. शाळेच्या नोंदींना बालगुन्हेगारी खात्याच्या नोंदी जोडण्यात आल्या. दिसले ते असे की, सातवी ते बारावीच्या काळात जवळजवळ साठ टक्के मुलांना एकदा तरी वर्गाबाहेर किंवा शाळेबाहेर काढण्यात आले होते. या शिक्षांपैकी कायद्याने सक्तीच्या अशा शिक्षा तीन टक्क्यांहून कमी. बाकीच्या सर्व शाळेच्या अधिकाऱ्यांच्या मर्जीवर दिलेल्या.

खरी मेख येथे आहे. घरची गरिबी, परीक्षेतील गुण, हजेरी, शाळेचा प्रकार अशा ऐंशीहून अधिक बाबी समान धरल्यावरही, मर्जीवरच्या शिक्षा काळ्या मुलांच्या वाट्याला येण्याची शक्यता सुमारे ३१ टक्क्यांनी अधिक निघाली. जेथे कायद्याने अधिकाऱ्याचे हात बांधलेले होते, त्या शिक्षांत मात्र काळी मुले अधिक आढळली नाहीत. याहून स्वच्छ पुरावा कोणत्या न्यायाधीशास हवा असेल? मुले अधिक वाईट वागत होती असे असते तर सक्तीच्या शिक्षांतही ते दिसले असते. फरक मुलांच्या वागण्यात नव्हता, पाहणाऱ्याच्या डोळ्यांत होता. आणि असे एकदा बाहेर काढलेले मूल पुढच्याच वर्षी बालगुन्हेगारी खात्याच्या हाती लागण्याची शक्यता जवळजवळ तिप्पट होती, हेही त्याच नोंदींनी सांगितले.

भेदभावाची तक्रार करणाऱ्यास नेहमी विचारले जाते, साक्षीदार कोण? हेडमास्तर म्हणतात, मी सर्वांस समान लेखतो. कदाचित त्यांना स्वतःलाही तसेच वाटत असेल. एका मुलाच्या बाबतीत भेदभाव सिद्ध करणे जवळजवळ अशक्य असते, कारण प्रत्येक प्रसंगाला एक वेगळे निमित्त तयार असते. ते निमित्त नऊ लाख मुलांच्या बाबतीत पुरत नाही. टेक्सासच्या शाळांनी स्वतःच्या हाताने भरलेली रजिस्टरेच त्यांच्याविरुद्ध साक्षीला उभी राहिली.

दुसरे उदाहरण शिक्षकांचे. टेनेसी आणि उत्तर कॅरोलायना या राज्यांतील नोंदींवरून काही अर्थशास्त्रज्ञांनी असे पाहिले की, काळ्या मुलास प्राथमिक इयत्तांत आपल्याच वर्णाचा एखादा तरी शिक्षक लाभला तर पुढे काय होते. टेनेसीत अशा मुलांची शालान्त शिक्षण पुरे करण्याची शक्यता सुमारे १३ टक्क्यांनी आणि कॉलेजात नाव घालण्याची सुमारे १९ टक्क्यांनी वाढलेली आढळली. उत्तर कॅरोलायनात, तिसरी ते पाचवीत असा एक शिक्षक मिळालेल्या गरीब काळ्या मुलग्यांत शाळा सोडण्याची शक्यता ३९ टक्क्यांनी घटली. एक शिक्षक, एक वर्ष! त्याचा परिणाम दहा वर्षांनी दिसतो. आणि दहा वर्षे त्या मुलाची नोंद कोणी तुटू दिली नाही म्हणूनच तो दिसला.

हे वाचून आमच्या मनात कोणते प्रश्न उभे राहतात ते वाचकांनी ओळखलेच असेल. महाराष्ट्रात वर्ण नव्हे, जात आहे. आणि जातीचा रकाना आमच्या नोंदींत आहे. शिक्षकांची माहितीही यू-डायसमध्ये सामाजिक प्रवर्गासह भरली जाते. मग अनुसूचित जातीच्या मुलास प्राथमिक शाळेत आपल्या समाजाचा शिक्षक मिळाल्याने त्याच्या पुढील वाटचालीत काही फरक पडतो काय? शिक्षकभरतीतील राखीव जागा वर्षानुवर्षे रिकाम्या ठेवल्याने मुलांचे काय नुकसान होते? आरक्षणाची चर्चा आपल्याकडे नेहमी नोकरी मागणाऱ्याच्या बाजूने किंवा विरुद्ध चालते. त्या फळ्यासमोर बसलेल्या मुलाची बाजू कोणी मोजलेली नसते.

तुकडीचेच पहा. ज्याने तालुक्याच्या हायस्कुलात शिक्षण घेतले त्यास ‘अ’ तुकडी म्हणजे काय आणि ‘ड’ तुकडी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. ‘अ’ मध्ये वकील, डॉक्टर, व्यापारी यांची मुले, गणिताचे चांगले शिक्षक त्याच वर्गाला, सेमी-इंग्रजीही तेथेच. ‘ड’ मध्ये वाडी-वस्तीवरून सायकलने येणारी. शाळा म्हणेल, आम्ही गुणांवरून तुकड्या पाडतो. तसेच असेल तर उत्तम. ते सिद्ध करण्यास एक दुपार पुरे आहे. पाचवीचे गुण सारखे असलेली दोन मुले घ्यावीत, एक सवर्ण, एक दलित, आणि ती आठवीत कोणत्या तुकडीत बसली ते सर्व जिल्ह्यांतून मोजावे. टेक्सासमधील मर्जीवरच्या शिक्षेसारखीच ही मर्जीवरची विभागणी आहे. गुरुजींच्या मर्जीचे माप घेण्याची सोय इतिहासात प्रथमच झाली आहे आणि ती वापरली जात नाही.

शिष्यवृत्तीचेही तेच. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचे अर्ज आता ‘महाडीबीटी’वर भरले जातात, अर्ज केव्हा केला, मंजूर केव्हा झाला, पैसे केव्हा जमा झाले, सर्व तारखांसह तेथे नोंदलेले असते. ही नोंद कॉलेजातील हजेरी व परीक्षेच्या नोंदीशी जोडली, तर हप्ता सहा महिने उशिरा आल्यामुळे किती मुलींनी वसतिगृह सोडले हे कळेल. आज आम्ही मोर्चा काढून सांगतो की उशीर झाला. सरकार म्हणते की फारसा झाला नाही. मोर्चे काढावेच लागतील, पण हातात आकडा असलेला मोर्चा निराळा.

आता एका रकान्याविषयी थोडे विस्ताराने लिहिले पाहिजे, कारण तो आमच्या जिव्हाळ्याचा आहे. २०११ च्या जनगणनेप्रमाणे महाराष्ट्रात बौद्धांची संख्या ६५ लाखांवर आहे. देशातील बौद्धांपैकी तीन चतुर्थांशांहून अधिक येथे राहतात. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर केंद्राच्या सवलतींसाठी आमच्या लोकांना चौतीस वर्षे झगडावे लागले. १९९० च्या दुरुस्तीने अनुसूचित जातींच्या आदेशात हिंदू व शीख यांच्याबरोबर बौद्धांचाही समावेश झाला. म्हणजे कायद्याने आमचे मूल एकाच वेळी अनुसूचित जातीचेही आहे आणि बौद्ध या अल्पसंख्य धर्माचेही. शाळेच्या नोंदीत हे दोन निरनिराळे रकाने आहेत. प्रसिद्ध होणारी कोष्टके एक रकाना घेऊन अनुसूचित जातींची बेरीज देतात, दुसरा घेऊन अल्पसंख्याकांची. दोन्ही रकाने एकत्र धरून पाहिल्याशिवाय बौद्ध मुलांची वाटचाल वेगळी कळणार नाही. धर्मांतराने शिक्षणाची ओढ वाढली असे आपण अभिमानाने म्हणतो, आणि आमचाही तसा विश्वास आहे; परंतु विश्वास आणि पुरावा यांतील अंतर कमी करण्याची जबाबदारी आमच्यावर आहे. उत्तर अनपेक्षित आले तरी ते स्वीकारण्याचे धैर्य तथागताच्या अनुयायांत असावयास हवे.

हा रकाना शुद्ध असतो असेही नाही. आमच्या वकिलीच्या कामात असे एक प्रकरण आले होते. मुलीच्या दाखल्यावर ‘हिंदू-महार’ आणि संगणकावर ‘बौद्ध’. जातीचा दाखला तिसऱ्याच मजकुराचा. तीन कागदांचे तीन मजकूर म्हणून तिचा अर्ज परत आला आणि एक वर्ष वाया गेले. वडील गवंडीकाम करणारे. रोज मोडून चार वेळा कचेरीत गेले. प्रत्येक वेळी त्यांना सांगण्यात आले की, ‘सिस्टीम घेत नाही’. या नव्या देवतेपुढे नवस चालत नाही आणि अपीलही नाही! आमचे संशोधकांस सांगणे आहे की, त्यांच्या पडद्यावर दिसणारा ‘धर्म’ हा रकाना पुष्कळदा घरच्यांनी सांगितलेला नसून लिहिणाऱ्याने आपल्या समजुतीप्रमाणे भरलेला असतो. हे ध्यानात न घेता काढलेला निष्कर्ष चुकीचाच ठरेल.

येथपर्यंत वाचून कोणी असा समज करून घेऊ नये की, सर्व दरवाजे सताड उघडावेत असे आम्ही सुचवितो. जात आणि धर्म यांची यादी चुकीच्या हाती पडली तर काय होते हे आम्हांस इतरांनी सांगावे असे नाही. २०२३ च्या प्रारंभी उघडकीस आले की, केंद्राच्या ‘दीक्षा’ या शैक्षणिक ॲपवरील लाखो शिक्षकांची आणि विद्यार्थ्यांची माहिती असलेला साठा वर्षाहून अधिक काळ कुलपाविना पडून होता. अमेरिकेतही ‘इनब्लूम’ या संस्थेने अनेक राज्यांतील विद्यार्थ्यांची माहिती एकत्र साठविण्याचा मोठा खटाटोप २०१३ साली आरंभिला; ती खासगी कंपन्यांच्या हाती जाईल या भीतीने पालक उठले, न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने मनाई केली आणि २०१४ मध्ये ती संस्था बंद झाली. त्या पालकांचे काही चुकले असे आम्हांस वाटत नाही.

शिवाय नाव काढले म्हणजे माणूस लपतो हा शहरी गैरसमज आहे. ज्या गावात बौद्धांची दोनच घरे आहेत तेथे ‘इयत्ता आठवी, मुलगी, बौद्ध, डिसेंबरपासून गैरहजर’ एवढे लिहिले की नाव लिहिण्याची गरज उरत नाही. पारावर बसलेला कोणीही बोट दाखवील. म्हणून गावनिहाय किंवा शाळानिहाय कोष्टक छापताना जेथे मुलांची संख्या फार लहान आहे तो चौकोन रिकामा ठेवणे, किंवा तालुक्याच्या बेरजेत मिळविणे, हा नियम कडकपणे पाळला गेला पाहिजे.

कायद्याची स्थिती काय आहे? २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात असे सांगितले गेले की, शाळाप्रवेशासाठी आधार सक्तीचे करता येणार नाही, कारण सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचे शिक्षण हा सरकारने दिलेला लाभ नसून मुलाचा मूलभूत हक्क आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियमाने बालकांच्या माहितीसाठी पालकांची संमती आवश्यक केली. त्याच अधिनियमाच्या कलम १७ मध्ये संशोधन व सांख्यिकी यांसाठी सवलत आहे, मात्र त्या माहितीवरून कोणा एका व्यक्तीविषयी निर्णय घेता कामा नये आणि ठरवून दिलेले दंडक पाळले पाहिजेत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले असून मुख्य कलमे अठरा महिन्यांनी लागू व्हावयाची आहेत. म्हणजे ‘कायदा आड येतो’ ही सबब संशोधनाला लागू पडत नाही. कायद्याने दार ठेवले आहे. किल्ली खात्याकडे आहे.

माहितीच्या अधिकाराच्या कायद्यातील वैयक्तिक माहितीचे कलम याच अधिनियमाने अधिक आखूड केले, हे मात्र वाईट झाले. यापुढे साधी कोष्टके मागितली तरी ‘वैयक्तिक माहिती’ असा शिक्का मारून अर्ज परत येतील अशी आम्हांस धास्ती वाटते. निनावी बेरीज ही कोणाचीच वैयक्तिक माहिती नव्हे, हा मुद्दा प्रत्येक अपिलात मांडावा लागेल. आणि गुप्ततेची ही काळजी निवडक असते हेही जाता जाता सांगितले पाहिजे. शिष्यवृत्तीच्या मुलांची नावे भर वर्गात मोठ्याने वाचून त्यांना उभे करताना ती कोणास आठवत नाही.

निनावी माहिती संशोधकांस देणे ही आपल्या देशात अपूर्व गोष्टही नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीतील घरोघरच्या नोंदी, नाव-पत्ता काढून, अभ्यासकांना कित्येक वर्षे मिळत आल्या आहेत. त्यात सामाजिक प्रवर्ग व धर्म हे दोन्ही रकाने असतात, आणि त्यामुळे कोणाचे घर उघडे पडल्याचे आमच्या ऐकिवात नाही. शिक्षण खात्याला तीच वाट धरता येईल. नोंदी ज्या खात्याने भरल्या त्याच खात्याने त्या कोणास द्यावयाच्या हे ठरवू नये, कारण प्रतिकूल उत्तराची भीती त्यालाच सर्वांत अधिक. त्या एखाद्या विद्यापीठाच्या, किंवा ‘बार्टी’सारख्या संस्थेच्या, वेगळ्या व बंदिस्त कक्षात निनावी करून ठेवाव्यात. प्रश्न मंजूर करणाऱ्या मंडळावर अनुसूचित जाती-जमाती, भटके-विमुक्त आणि अल्पसंख्य समाजांतील अभ्यासक व पालक असावेत. केवळ सचिव आणि संगणकतज्ज्ञ नकोत. व्यापारी कंपनीस एक ओळही मिळू नये. निनावी नोंदीमागचे मूल शोधून काढण्याचा प्रयत्न हा दंडनीय अपराध असावा. आणि जे निष्कर्ष निघतील ते मराठीत, सर्वांस वाचता येतील अशा भाषेत, ठरल्या मुदतीत प्रसिद्ध व्हावेत. इंग्रजी नियतकालिकात छापून संशोधकाची बढती झाली एवढ्याने आमच्या मुलांचे देणे फिटत नाही.

या अधिवेशनात आमच्या समाजाच्या आमदारांनी एक साधा प्रश्न विचारावा: ‘सरल’मध्ये नोंदलेल्या पहिल्या वर्षीच्या पहिलीच्या मुलांपैकी किती मुले पुढे दहावीस पोहोचली, जातप्रवर्ग व धर्म दोन्ही रकान्यांनिहाय? त्या वर्षीची पहिलीची तुकडी आता दहावी ओलांडून गेलेली आहे. उत्तर संगणकात आहे.

तोवर पालकांनी स्वतःपुरते एक काम करावे. जूनमध्ये शाळा उघडली की हेडमास्तरांस भेटून आपल्या मुलाची रजिस्टरातील आणि संगणकावरील नोंद दोन्ही पाहावयास मागाव्यात. नाव, जन्मतारीख, जात व धर्म हे मजकूर एकमेकांशी आणि जातीच्या दाखल्याशी जुळतात काय ते पाहावे; चूक असेल तर मूल शाळेत असतानाच दुरुस्तीचा लेखी अर्ज द्यावा, कारण दाखला हाती पडल्यावर ती दुरुस्ती फार जड जाते. ‘अपार’च्या संमतिपत्रावर सही करण्यापूर्वी ते वाचून घ्यावे, वाचता येत नसेल तर विहारात शिकल्यासवरल्या मुलामुलींकडून वाचून घ्यावे, आणि संमती ऐच्छिक आहे हे ध्यानात ठेवावे. दुरुस्तीच्या अर्जाची शिक्क्यानिशी पोच घेतल्याशिवाय शाळेतून परतू नये.